घोरण्याची शर्यत, मुक्काम निरवांगी

मी गेले होते रोहित पक्षी बघायला, आणि दोन खेपा करूनही एक रोहित माझ्या दृष्टीला पडलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. उजनीच्या पाण्यावरच्या त्या गुलाबी थव्यांसाठी कुणी हे वाचायला घेतलं असेल तर त्यांनी इथेच पान उलटावं. मी कुडाळहून नवी कोरी दुर्बीण घेऊन निघाले, आणि त्या दुर्बिणीतून बघितलं काय, तर एक सहा वर्षांची मुलगी, तिचे आजोबा आणि पुष्कळसा ऊस.

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसांना झोपवायचं, झोपेत त्यांचा श्वास चालू ठेवायचा आणि काम झालं की उठवायचं, यावर माझं पोट. नवरा म्हणतो, तू नुसती बोलायला लागलीस तरी माणसं झोपतात, औषध कशाला वाया घालवतेस. आमच्या खालच्या मजल्यावर कल्पना राहते. ती बँकेत आहे, माहेर इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. बदली होऊन कोकणात आली ती तळलेल्या बांगड्याच्या प्रेमात पडून इथेच राहिली. थंडीत तिच्या भाच्याचं जावळ होतं. "चला नीलाताई, भिगवणला पक्षी दाखवते, जाता जाता जावळ उरकून टाकू," ती म्हणाली. जावळ उरकलं. पक्ष्यांचं काय झालं ते ओघानं येईलच.

बारामती

बारामतीच्या स्टँडवर उतरले तर नाकात एक वास शिरला. गोड, आंबूस, जरासा जळका. कोकणात असा वास आला की आम्ही कुठला फणस पिकून फुटला ते शोधायला लागतो. मी शोधक नजरेनं इकडेतिकडे बघायला लागले तेव्हा कल्पना म्हणाली, "मळी आहे हो ती. कारखाना चालू झालाय." कारखाना कुठे दिसत नव्हता, पण वारा त्या बाजूचा होता. या भागात नुसतं कारखाना म्हटलं की तो साखरेचाच, आणि लग्नाची तारीखही ऊस कधी तुटतोय ते बघून धरतात. आमच्याकडे आंब्याचा मोसम बघून धरतात, तेव्हा मला हसायला जागा नव्हती.

चहा मात्र हसण्यासारखा होता. पहिला घोट घेतला आणि दात एकमेकांना चिकटले. बिनसाखरेचा मागितला तर चहावाल्यानं माझ्याकडे अशा काळजीनं बघितलं की मीच ओशाळून "असू दे, असू दे" म्हणाले.

कल्पनाचा भाऊ सचिन जीप घेऊन आला होता. तो एमआयडीसीत नोकरीला आहे, घर जळोचीला. जीपमध्ये त्याची बायको सविता, मांडीवर वर्षाचा मुलगा, ज्याचे केस त्याच दिवशी जाणार होते, आणि खिडकीशी त्यांची मोठी मुलगी मनू. मनूला डाउन सिंड्रोम आहे. वरच्या बाजूला किंचित तिरके डोळे, बसकं नाक, अर्धवट उघडं तोंड, आणि त्या तोंडावर असं हसू की मी बसायच्या आत माझी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं ती उलटी धरली. उलट्या दुर्बिणीतून मी तिला खूप लांब दिसले असणार, कारण ती गंभीर झाली आणि मला हात हलवून टाटा करायला लागली. मीही लांब गेल्यासारखा टाटा केला. जीपमधले सगळे हसले आणि आमची दोस्ती पक्की झाली.

मग तिनं धुळीनं माखलेल्या काचेवर बोटानं 'म' काढला. मोठा, पोट सुटलेला 'म'.

"शाळेत शिकली," सविता म्हणाली. "आता दिसंल तितं काढती. पिठात, धुळीत, भावाच्या पाठीवर." आणि जरा वेळानं, बाहेर बघत, "पण तेवढंच. आता शाळा बंद."

"का गं?"

"झोपती वर्गात. दुसऱ्या तासाला डोकं बेंचावर. उठवली की चिडती, रडती. बाई म्हणल्या, ही पोरं झोपाळूच असतात, जरा मोठी होऊ द्या, मग बघू. जावळ झालं की तात्यांकडं निरवांगीला ठिवायची. तितं रान हाय, माणसं हायती. खेळंल."

सचिननं गिअर बदलला. मनू तोवर दुर्बीण छातीशी धरून माझ्या कुशीत झोपून गेली होती, सकाळचे दहाही वाजले नव्हते तरी.

निरवांगी

निरवांगी नीरेच्या काठाला आहे. दोन्ही बाजूंनी उसाच्या भिंती आणि मधून रस्ता. समोरून उसानं भरलेल्या ट्रॉल्या डुलत येतात आणि आपण देवाचं नाव घेत बाजूला होतो. कल्पनाचे वडील तात्या दारातच उभे होते. पांढरी टोपी, कानापर्यंत मिशा, आणि समोरच्या माणसाशी बोलतानाही नदीपलीकडच्याला ऐकू जाईल असा आवाज.

"या डॉक्टरीणबाई. भात खाऊन खाऊन हाडं मऊ झाली आसतील, हितं भाकरी खावा."

मी म्हटलं, "तात्या, आमची हाडं माशांवर पोसलेली आहेत."

"माशावर? मंग काटं टोचत आसतील आतनं," ते म्हणाले आणि मनूला उचलून खांद्यावर घेऊन गेले. अंगणातल्या आंब्याला नवा झोपाळा बांधला होता, मनू कायमची राहायला येणार म्हणून. दोघं तिथे जे बसले ते मामाच्या मांडीवर बाळाचे केस उतरायची वेळ झाली तरी हलेनात. बाळानं आकाशपाताळ एक केलं. मनूनं टाळ्या वाजवल्या आणि न्हाव्यापुढे स्वतःचं डोकं धरलं. तिला तिथून काढताना आणखी एक रडारड झाली.

मग जेवण. आधी पेल्यात मटणाचं अळणी, हळदीचं, गरम, सर्दी पळवणारं. मग बाजरीची भाकरी ताटात चुरायची, तिच्यावर काळा रस्सा ओतायचा आणि हात कोपरापर्यंत माखू द्यायचा. मी सवयीनं त्या रश्शात खोबऱ्याची चव शोधत होते.

"काय शोधताय?" तात्यांनी विचारलं.

"नारळ."

"नारळ आमी देवाला फोडतो. मटणाला कशाला फोडायचा?"

तीन वेळा वाढून घेतल्यावर नारळाचा विषय मी माझ्यापुरता बंद केला.

आणि मग तो प्रकार झाला. या भागात असं जेवण झालं की उठून जायची पद्धत नाही. मांडवातच सतरंज्यांवर माणसं लवंडतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं जरा पाठ टेकते. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की कुठून तरी कुणीतरी करवतीनं लाकूड कापतंय आणि तो आवाज आभाळातून येतोय. डोळे उघडले तर नाकासमोर माईक. माईक धरून कल्पनाचा चुलतभाऊ दत्ता. मांडव आणि लाउडस्पीकर त्याच्याच मालकीचा.

"कोकणच्या पाव्हण्या जाग्या झाल्या, मंडळी," दत्ता स्पीकरवरून म्हणाला. "आवाज बारीक होता, पण सातत्य होतं. टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. मी लाजेनं मेले आणि मग हसून हसून पुन्हा मेले. कल्पनानं खुलासा केला: ही त्यांच्या घराण्याची पद्धतच होती. जेवण झालं की घोरण्याची शर्यत. तात्यांचे वडील घोरायचे तर म्हणे नदीपलीकडची कुत्री भुंकायची. पूर्वी नुसते कान लावून निकाल द्यायचे, दत्तानं स्पीकर घेतल्यापासून धंद्याला बरकत आली.

दत्ता रांगेनं निघाला. कॉमेंट्री बैलांच्या शर्यतीची असते तशीच, फक्त बैल आडवे. "हे आपले वडापुरीचे पाव्हणे. ट्रॅक्टर चढाला लागलाय, डबल ट्रॉली हाय, इंजिन गरम झालंय." एकेका नाकापाशी थांबत तो तात्यांपाशी आला. तात्या असे घोरत होते की स्पीकरचा कर्णा थरथरला. "गेल्या टायमाचे विजेते. ह्यांना कोण मागं टाकणार? एकच नाव हाय, मंडळी, एकच."

ते नाव मनू होतं.

ती आजीच्या, म्हणजे अक्कांच्या शेजारी झोपली होती, पण आडवी नाही. मांडी घालून बसलेली आणि पुढे वाकून कपाळ उशीवर टेकलेलं. "कासव झोपलं बगा," अक्का कौतुकानं म्हणाल्या, "ल्हानपणापासनं अशीच झोपती." दत्तानं माईक धरला आणि एवढ्याशा जिवातून जे काही बाहेर पडलं त्यानं मांडव हादरला. माणसं उठून बसली. शिट्ट्या वाजल्या. मग आवाज एकदम बंद झाला.

स्पीकरमधून नुसती खरखर.

"मनूबाईंनी गिअर बदललाय," दत्ता म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. मग गळ्यातून एक मोठा आचका आला आणि पुन्हा गडगडाट सुरू. पुन्हा बंद. या वेळी माझं हसू मध्येच थांबलं, कारण मी माईककडे नव्हे, तिच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलत होती. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, पोट उलट्या दिशेला जात होतं, सगळं अंग श्वास घेत होतं आणि हवा मात्र आत जात नव्हती. ऑपरेशन थिएटरमध्ये हे दिसलं तर मी पेशंटपाशी धावते.

मी धावलेच. "दत्ताभाऊ, माईक तसाच धरा आणि बोलू नका."

मी तिला अलगद कुशीवर केलं. मान तशीच सरळ ठेवली, कारण या मुलांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात, आणि दोन बोटांनी जबडा जरासा पुढे उचलला. हे मी रोज करते, चहात साखर ढवळावी इतक्या सहज. गडगडाट गेला. स्पीकरमधून काहीच येईना. मग कान दिला तर एक मऊ, एकसारखा वारा.

अक्का उठल्या. "बंद का पडली? पोरगी गेली का काय?"

"नाही अक्का. आत्ता कुठे नीट श्वास घेतेय."

मांडवात कुणी हललं नाही. सगळं गाव स्पीकरवरून मनूचा श्वास ऐकत होतं. मी बोटं काढली, आवाज परत आला, थांबला, आचका. पुन्हा बोटं लावली, शांत. सविता तोंडावर पदर धरून उभी होती. एवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला, झोपमोडीनं चिडलेला.

"डॉक्टरीणबाई, पोरगी जिंकली हुती. तुमी तिला बाद केली."

मोटरीपाशी

दुसऱ्या दिवशी सकाळी भिगवणला निघायचं होतं. गेलो नाही. तात्या माझ्याशी अबोला धरून बसले होते. म्हणजे त्यांचा अबोला, त्यामुळे फक्त अंगणभर ऐकू येत होता. शेवटी मीच म्हटलं, "तात्या, मला तुमची मोटर दाखवा." मोटर दाखवा म्हटल्यावर नाही म्हणणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. नीरेच्या काठावर त्यांनी बटण दाबलं, पाणी उसळलं, आणि रागही निम्मा वाहून गेला. मनू पाण्यात हात घालून बसली.

"हा पाण्यात सोडलेला पाईप एवढा जाड, कडक का?" मी विचारलं.

"सक्शनचा हाय. मोटर वडती न्हवं का त्यातनं."

"तिथे तो गुंडाळून ठेवायचा मऊ पाईप लावला तर?"

तात्या माझ्या अज्ञानावर मनापासून हसले. "चिपाड हुईल की त्याचं. वडलं की पाईप आतल्या आत चेपतो. मोटर वडतीया, पाणी न्हाय."

"काल मनूचं तेच होत होतं."

ते हसायचे थांबले. मी सांगत गेले. या मुलांच्या चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, म्हणून नाकातली वाट अरुंद, टाळूची जागा अरुंद, श्वासनळीसुद्धा बारीक. जीभ काही फार मोठी नसते, पण तोंडाची खोली लहान पडते, मग ती मागे सरकून बसते. त्यात अंगातले स्नायू मुळातच सैल. जागेपणी ते वाट उघडी धरतात, झोप लागली की सोडून देतात. आणि त्या वाटेत टॉन्सिल आणि नाकामागची गाठ येऊन बसली असेल तर विचारायलाच नको. ती कासवासारखी वाकून झोपते तेही त्यासाठीच, पुढे वाकलं की जीभ पुढे पडते आणि वाट थोडी मोकळी होते. तिनं एकटीनं शोधून काढलेला उपाय होता तो.

"आन वडत ऱ्हायली तर मोटर जळंल की," तात्या म्हणाले.

"जळू नये म्हणून मेंदू तिला उठवतो. पुरती नाही, अर्धवट. आचका देते, पाईप उघडतो, परत झोपते, परत चेपतो. रात्रभर हेच. वर्षानुवर्षं चाललं की हृदयावरही ताण येतो."

तात्यांनी बटण बंद केलं. पाणी थांबलं.

"म्हंजी पोरगी रातभर झोपतच न्हाय."

"नाही."

"आन शाळेत म्हणत्यात झोपाळू हाय."

"हो."

"आमी तिला नंबर देत हुतो," ते म्हणाले. मग त्यांनी मान वळवली. "पण म्या दवाखान्यात एकदा इचारलं हुतं, लई घोरती म्हणून. तवा म्हणले, ह्या पोरांचं असंच असतंय."

इथे माझं डोकं फिरलं. असंच असतंय. या दोन शब्दांनी किती मुलांची झोप खाल्ली असेल कुणास ठाऊक. बऱ्याच जणांना असतं म्हणूनच तर तपासायचं. घोरत नसलं तरी तपासायचं, साधारण चौथ्या वर्षापर्यंत प्रत्येकाची एकदा झोपेची तपासणी व्हावी असं आम्ही डॉक्टर मानतो, कारण आईबापांना बाहेरून कळतंच असं नाही. मी हे सगळं जरा मोठ्या आवाजात बोलले असणार, कारण पलीकडच्या रानातला माणूस काय झालं म्हणून बघायला आला.

घरी परतल्यावर तात्यांनी मनूला झोपाळ्यावर बसवलं आणि तिथेच थबकले. "तपासलं, बरी झाली, शाळंत गेली," ते म्हणाले. "मंग म्या कुणासंगं बोलू हितं? अक्का माझं ऐकती व्हय?"

त्यांनी मनूला एक झोका दिला.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "सुट्टीला यील."

पण तात्या गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. संध्याकाळपर्यंत हातात मऊ पाईपचा तुकडा घेऊन ते गावभर फिरले. एक टोक तोंडात धरायचं, ओढायचं, पाईप चिपाड झाला की "बगितलं का?" म्हणायचं. दिवे लागायच्या वेळी अंगणात माणसं जमली. कुणी मुलाला आणलं, कुणी नवऱ्याला. एक बाई सासऱ्यांना घेऊन आली आणि ह्यांना आत्ता हितंच झोपवून बघा म्हणाली. मी सुट्टीवर होते हे एव्हाना मीही विसरले होते.

जळोची

सोमवारी आम्ही शाळेत गेलो. मी, सविता, मनू, आणि बोलावलं नसताना तात्या, पाईपसकट. बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. तात्यांनी त्यांच्या टेबलापाशी उभं राहून पाईप ओढून दाखवला. बाई दचकल्या. मग मी नीट सांगितलं.

"मला वाटलं, ती तशीच," त्या म्हणाल्या. "कार्यशाळेत आम्हाला मुलांचं बोलणं, वागणं, सगळं सांगतात हो. झोपेचं कुणी बोललं नाही." त्यांनी मनूकडे बघितलं. मनू एव्हाना फळ्यापाशी जाऊन हात पोचेल तिथे 'म' काढत होती. "तिचं नाव पटावर राहू दे. तुम्ही तपासणी करून या."

तपासणी बारामतीतल्याच एका दवाखान्यात झाली. मी परत कुडाळला आले होते, त्यामुळे हा भाग सविताकडून फोनवर ऐकलेला. डोक्याला, नाकापाशी, छातीला, बोटाला वायरी लावून मुलाला रात्रभर झोपवतात. मनूनं पहिली वायर काढून फेकली. दुसरी चावली. तेव्हा तात्या शेजारच्या खाटेवर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "आधी मला लावा." तंत्रज्ञ मुलगी हुशार. तिनं जुन्या वायरी आणून तात्यांच्या टकलावर, मिशांवर, छातीवर चिकटवल्या. मनूनं आजोबांकडे बघितलं, खदखदून हसली आणि स्वतःचं डोकं पुढे केलं, न्हाव्यापुढे केलं होतं तसं.

सकाळी तात्यांनी विचारलं, "माझा रिपोर्ट?"

"आजोबा, तुमच्या वायरी कशालाच जोडल्या नव्हत्या."

"मंग म्या रातभर कूस न बदलता कशाला पडलो?"

ते खवळले, खरी तपासणी झाल्याशिवाय खाट सोडणार नाही म्हणाले, आणि दोन आठवड्यांनी खरोखर करून घेतली. मनूचा अडथळा बराच निघाला. तात्यांचा तिच्याहून जास्त. घराण्याचं भूषण असं कागदावर आलं. तात्यांना रात्री लावायचं यंत्र मिळालं, नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवणारं. "बूस्टर पंप हाय," ते मला फोनवर म्हणाले. "मागनं दाब दिला की पाईप चेपत न्हाय. ही युक्ती मला सुचली असती, पर कुणी इचारलंच न्हाय."

मनूचे टॉन्सिल आणि नाकामागची गाठ पुण्याला काढली. तिथल्या भूलतज्ज्ञाला मी फोन करून मान, बारीक नळी, ऑपरेशननंतरची रात्र लक्षाखाली ठेवणं, सगळं बजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "मॅडम, आम्ही रोज करतो" असं म्हणाले. मला बरं वाटलं. ऑपरेशन झालं म्हणजे सगळं संपलं असं या मुलांत धरता येत नाही, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. अडथळा अगदी थोडा उरला होता. कुशीवर झोपवा, नाकात औषध सोडा, वर्षानं परत बघू, असं ठरलं.

पुन्हा निरवांगी

तात्या नवस बोलले होते. मनू सुखरूप परतली तर कंदुरी, म्हणजे गावाला मटणाचं जेवण. पुढच्या थंडीत मला फर्मान आलं. मी दुर्बीण घेतली. या वेळी भिगवणला जायचंच, सचिननं संध्याकाळी जीप तयार ठेवायची, असं आधीच वदवून घेतलं.

मळीचा वास आला आणि मला चक्क भूक लागली. चहावाल्याकडे बिनसाखरेचा मागायचं धाडस मी केलं नाही. सविता भेटल्याबरोबर म्हणाली, "ताई, शाळेतनं तक्रार आलीय." मी हातातली पिशवी खाली ठेवली. "बाई म्हणत्यात, मनू तासाला गप बसत न्हाय. दुसऱ्यांच्या वहीत 'म' काढती. आन मधल्या सुट्टीत पोरांना रांगेत उभं करती." हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मीही तिथेच, भर स्टँडवर, रडत रडत हसले.

मांडव तोच. अळणी तेच. तीन वेळा वाढून घेतलं, नारळाचं नावही काढलं नाही. जेवणं झाली, माणसं लवंडली. दत्तानं माईक हातात घेतला. तात्यांना नियमाप्रमाणे बाद केलं होतं, यंत्र लावून घोरता येत नाही म्हणून. त्यामुळे ते मुखवटा लावून, हात छातीवर बांधून, हत्तीसारखी सोंड पुढे टाकून पंच म्हणून बसले होते. वडापुरीचे पाहुणे यंदा फॉर्मात होते. मी जागी राहिले, मला सातत्याचं बक्षीस नको होतं.

दत्ता मनूपाशी आला. ती अक्कांच्या शेजारी कुशीवर झोपली होती, पाय लांब पसरून, तोंड मिटलेलं. उशीपाशी दुर्बीण. "आणि आता सगळे ज्यांची वाट बघताय," दत्ता म्हणाला आणि त्यानं माईक धरला.

काही नाही.

त्यानं माईक आणखी जवळ नेला. काही नाही. कर्ण्याकडे बघितलं. वायर हलवली. "हॅलो. हॅलो. माईक चेक. वन टू थ्री." बोटानं टकटक केलं.

"चालू हाय रं तुजा माईक," अक्का हळूच म्हणाल्या. "पोरगी झोपलीया."

टकटकीनं मनूचा एक डोळा उघडला. तिनं दत्ताकडे बघितलं, हात लांब करून माईक स्वतःकडे ओढला आणि जाड, झोपाळू, पण स्वच्छ आवाजात स्पीकरवरून सगळ्या निरवांगीला सांगितलं, "ए दत्ता. गप. झोपू दे."

आणि कूस बदलून परत झोपली.

कुणी हसलं नाही. तात्यांनी मुखवटा काढला, उठून स्वतः स्पीकरचा प्लग उपसला आणि मांडवाकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. जन्मात पहिल्यांदा ते काही न बोलता काही सांगत होते. माणसं एकेक करून उठली, चपला हातात घेतल्या, वडापुरीच्या पाहुण्यांना हलवून उठवलं, आणि शंभरेक माणसांचा तो मांडव चवड्यांवर चालत रिकामा झाला.

सचिन जीपमध्ये बसून चावी फिरवणार तेवढ्यात तात्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"पोरगी उठंल," ते कुजबुजले. कुजबुज तरी त्यांना वाटत होती. "ती पाखरं काय पळून जात न्हाईत."

मग आम्ही मांडवाच्या कडेला बसून राहिलो, मनू आपली आपण उठेपर्यंत. ती उठली, आळस दिला आणि दुर्बीण उलटी धरून आम्हाला सगळ्यांना टाटा केला. तोवर सूर्य उसात बुडाला होता.